तिसरा सांधा : डिजिटल रेल्वे-कंट्रोलर दुरुस्तीच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

आजपासून वही पुन्हा सुरू. गेले तीन आठवडे सुचेल ते बदलून बघत होते, आणि काय बदललं होतं तेच आता आठवत नाही. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो करण्याआधी लिहायचा.

घरातल्या मॉडेल रेल्वेची मांडणी अशी. आठ फूट बाय चार फूट प्लायवुड, एचओ प्रमाण, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. (आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ने भागलं तर सव्वाएकोणीसच्या आसपास येतं. म्हणजे भारतीय गाड्यांना हे रूळ अरुंदच आहेत. बाबांना ते पहिल्या दिवसापासून खटकतंय, पण तयार रूळ याच मापाचे मिळतात.) एक लांबट वर्तुळ, आत दोन लाइनींचं यार्ड, एकूण चार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा). कंट्रोलर घरी जुळवलेला आहे : आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड, त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारा जोड-बोर्ड) आणि आत डीसीसी-ईएक्स हे मोफत फर्मवेअर. रुळांसाठी १५ व्होल्टचा अडॅप्टर, मेगासाठी ९ व्होल्टचा वेगळा. शील्डच्या मागची व्हिन-जोडणी पहिल्याच दिवशी कापलेली आहे. ती तशीच ठेवली तर रुळांचे १५ व्होल्ट थेट मेगात शिरतात.

मे महिन्यात जुना लॅपटॉप गेला. त्याच्या जागी घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४ टाकलं, जावा ११ टाकलं, जेएमआरआय (संगणकावरून मॉडेल रेल्वे चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलं. तेव्हापासून त्रास सुरू. आजची तक्रार : जेएमआरआयच्या यादीत पोर्टच दिसत नाही.

बाबा चहा घेऊन आले. लोणावळा-कर्जत पट्ट्यात सिग्नल मेंटेनर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. वही बघून म्हणाले, "आधी डिस्कनेक्शन लिही, मग हात लाव." त्यांच्या नोकरीत पॉइंट, म्हणजे सांधा, उघडायच्या आधी स्टेशन मास्तरला टी ३५१चा मेमो द्यावा लागे. वेळ, सही, आणि काम झाल्यावर रिकनेक्शन. त्याशिवाय कशालाही हात नाही.

म्हणून : डिस्कनेक्शन, १६:१०. कंट्रोलर बंद.

१६ जून, रविवार

पोर्टचा पत्ता लागला.

केबल लावून संगणकाची कर्नल-नोंद उघडली. मेगा स्वस्तातला आहे, त्यावर सीएच ३४० ही यूएसबी चिप. नोंदीत स्पष्ट दिसतं की चिप ओळखली गेली, टीटीवाय-यूएसबी-शून्य हे पोर्ट तयार झालं, आणि क्षणात दुसऱ्याच प्रोग्रामने ते ओढून घेतलं. त्या प्रोग्रामचं नाव बीआरएलटीटीवाय.

हा प्रोग्राम अंध वापरकर्त्यांसाठी आहे. पडद्यावरचा मजकूर ब्रेल पट्टीवर उमटवतो. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये हीच सीएच ३४० चिप असते आणि तिची ओळखही तीच, १ए८६:७५२३. त्यामुळे माझा कंट्रोलर जोडला की त्याला वाटतं ब्रेल पट्टी आली. सगळीकडे सल्ला एकच मिळतो, 'प्रोग्राम काढून टाका.' मी काढला नाही. कुणाच्या तरी वाचण्याचं ते साधन आहे, आणि हा संगणक उद्या कुणाकडे जाईल सांगता येत नाही. नियमांच्या फाइलची प्रत ईटीसी फोल्डरमध्ये घेतली, त्यात या चिपची तेवढी एक ओळ बंद केली, केबल काढून पुन्हा लावली. पोर्ट आलं आणि टिकलं.

नंतर 'परवानगी नाही' असं आलं. स्वतःला डायलआउट गटात घातलं, लॉगआउट करून परत आत गेले. जेएमआरआय जोडलं गेलं. वेग १,१५,२००.

२२ जून, शनिवार

आता इंजिन, म्हणजे त्याच्या आतला डिकोडर (हुकूम समजून मोटर चालवणारी चिप), जेएमआरआयच्या डिकोडरप्रोमध्ये वाचून घ्यायचं होतं. प्रोग्रॅमिंग-रुळावर ठेवलं, सीव्ही (डिकोडरमधल्या क्रमांक दिलेल्या नोंदी) वाचायला सांगितले, दर वेळी अपयश.

इंजिन उत्तर कसं देतं हे ठाऊक असेल तर शोध सोपा जातो. डिकोडरकडे बोलायला तोंड नसतं. कंट्रोलर विचारतो, "तुझ्या अमुक बिटमध्ये १ आहे का?" असेल तर डिकोडर साधारण ६ मिलिसेकंद मोटरला करंट देतो, निदान ६० मिलिअँपिअर वाढ होईल इतका. कंट्रोलर ती उसळी मोजतो आणि तिलाच 'हो' समजतो. म्हणून वाचताना इंजिन जागच्या जागी थरथरतं, डोळा बारीक करून पाहिलं तर पाव मिलिमीटर पुढे सरकतं. माझं इंजिन थरथरत होतं, पण मधूनच. म्हणजे डिकोडर बोलत होता, त्याचं बोलणं रुळापर्यंत पोचत नव्हतं.

इंजिन उलटं केलं. मागच्या बोगीत चाकाला टेकणाऱ्या तांब्याच्या पत्तीखाली शर्टाचा असावा असा एक निळा धागा गुंडाळलेला. चिमट्याने ओढला तर चार बोटं लांब निघाला. चाकं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली. पहिल्या फटक्यात सगळं वाचलं.

पत्ता अजून कारखान्यातलाच ३ होता, तो बदलला. आपल्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी, डीसीसीत (रुळांतूनच डिजिटल हुकूम पाठवायच्या या पद्धतीत) पत्ता १०२३९च्या पुढे जात नाही, म्हणून शेवटचे चार आकडे घेतले, ७०४२. सीव्ही १७मध्ये २१९, सीव्ही १८मध्ये १३०. सीव्ही २९मध्ये ३४ : लांब पत्त्याचे ३२, २८ किंवा १२८ पायऱ्यांच्या वेगाचे २. अ‍ॅनालॉगचा बिट मुद्दाम बंद ठेवला. तो चालू असला की सिग्नल बिघडताच इंजिन साध्या डीसीवर असल्याचं समजून सुसाट सुटू शकतं.

इथे थोडं थांबून लिहावंसं वाटतं. ज्या फाइलमुळे जेएमआरआयला हा डिकोडर ओळखता आला, तशाच डिकोडर-फाइल्सवरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन हे जेएमआरआयचे मूळ कर्ते. त्यांच्या फाइल्स एका व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये श्रेय न देता वापरल्या गेल्या. २००८ साली तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने म्हटलं की मोफत दिलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटीही बंधनकारक असतात आणि त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सगळ्यांना त्या निकालाचा आधार मिळाला, आणि तो मिळाला खेळण्यातल्या रेल्वेमुळे. मला याचा फार अभिमान वाटतो.

२३ जून, रविवार

गाडी सुरू, आणि खरा आजार बाहेर.

पूर्ण फेरीला २५ सेकंद लागतात. मागच्या वळणाशी, तिसऱ्या सांध्यापाशी गाडी अडखळते. कधी थांबते. कधी गाडी पुढे जाते पण जेएमआरआय 'संपर्क तुटला' म्हणतं. तेव्हा तर जीव वर येतो, कारण कंट्रोलर शेवटचा वेग पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि गाडी कुणाच्याही हुकमाविना फिरत राहते. आज धावत जाऊन अडॅप्टर काढावा लागला.

मेगाचं पोर्ट पुन्हा उघडलं की तो रीसेट होतो आणि रुळांची वीज जाते. त्यामुळे परत जोडायला गेलं की गाडी थांबते, आणि नंतर बघणाऱ्याला दोन्ही बिघाड सारखेच दिसतात. गेले तीन आठवडे मी इथेच फसले होते.

२० फेऱ्या मोजल्या. कागदावर दोन रकाने : 'गाडी थांबली, संपर्क शाबूत' आणि 'संपर्क तुटला, गाडी चालूच'. पहिल्यात ७, दुसऱ्यात ३. जागा दहाही वेळा तीच, तिसरा सांधा.

मला वाटलं शील्डची चिप थकली. नवीन घ्यायला निघाले होते. बाबा म्हणाले, "अगं, रिले पडला म्हणून कुणी रिले बदलतं का? आधी रूळ बघतात. पावसात तर रूळच."

२९ जून, शनिवार

मोजायचं कशाने, हा प्रश्न. डीसीसी हा धड एसी नाही, धड डीसी नाही. दोन्ही रुळांची ध्रुवता सतत उलटसुलट होत असते. अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो '१', १०० मायक्रोसेकंदांचा असेल तर '०'. वीज आणि हुकूम एकाच तारेतून जातात. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या लाटेसाठी बनलेला, तो इथे दाखवेल त्या आकड्यावर विसंबता येत नाही. ऑसिलोस्कोप घरात नाही.

पण साउंड कार्ड आहे. ते सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, म्हणजे दर २१ मायक्रोसेकंदांना एक. '१'च्या अर्ध्यात जेमतेम तीन नमुने, '०'च्या अर्ध्यात पाच. लाटेचा आकार नीट दिसणार नाही, पण '१' कोणता आणि '०' कोणता ते कळेल, आणि उंची किती घटली तेही कळेल. मला उंचीच हवी होती.

एक सावधगिरी अगदी ठळक लिहून ठेवते. कंट्रोलर ज्या संगणकाला जोडलाय त्याच्याच साउंड कार्डला रूळ जोडायचा नाही. दोन्ही रुळांपैकी एकही 'ग्राउंड' नसतो. साउंड कार्डचं ग्राउंड आणि यूएसबीचं ग्राउंड आतून एकच, त्यामुळे शील्डची एक बाजू थेट शॉर्ट होईल. लेकीचा लॅपटॉप घेतला, चार्जर काढून, फक्त बॅटरीवर, दुसरी कुठलीही केबल न लावता. मध्ये १०० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक, म्हणजे १३ व्होल्टचे सव्वाशे मिलिव्होल्ट होतात. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग.

स्टेशनजवळच्या रुळावर लाट भरघोस, एकसारखी. मग टोकं तिसऱ्या सांध्यापलीकडे लावली. गाडी लांब असताना तीच उंची. गाडी तिथे आली, करंट ओढला, आणि लाट जवळजवळ तीन-चतुर्थांशावर आली. सांध्यावरून बोगी गेली त्या क्षणी तर बारीक बारीक खिंडारं पडली. रेकॉर्डिंग ऐकलं तर एकसुरी कर्कश आवाजात मध्येच करकर. लेक म्हणाली, "आई, घसा बसलाय त्याचा."

शील्ड ठीक आहे. बिघाड तिच्यापासून सहा फुटांवर आहे.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. पेठांतल्या दुकानांपर्यंत जाता येणार नाही, तेव्हा घरात आहे त्यातच काम.

नाण्याची चाचणी केली. रुळांवर आडवं रुपयाचं नाणं ठेवायचं. शॉर्ट झाला की कंट्रोलरने लगेच वीज तोडली पाहिजे. मी मर्यादा दीड अँपिअर ठेवली आहे. बाबा एकदम खुलले. त्यांच्याकडे हीच चाचणी टीएसआर नावाने होते : रुळांवर अर्ध्या ओहमचा रोध टाकायचा आणि ट्रॅक रिले (रुळावर गाडी आहे हे सिग्नलला कळवणारा विजेचा स्विच) पडतो का बघायचं. पडला नाही तर उभी गाडीही सिग्नलला दिसणार नाही.

स्टेशनजवळ नाणं ठेवलं, वीज तत्काळ गेली. पहिल्या सांध्यापाशी तेच, दुसऱ्यापाशी तेच. तिसऱ्याच्या पलीकडे ठेवलं आणि काहीच झालं नाही. जेएमआरआयच्या मीटरवर ११०० मिलिअँपिअर, स्थिर. शॉर्ट असूनही करंट मर्यादेच्या खाली. शील्डमधली घट जाता रुळांवर साधारण १३ व्होल्ट. १३ भागिले १.१, म्हणजे वाटेत कुठेतरी १२ ओहम बसलेत. तांब्या-पितळेच्या वाटेत हा आकडा भयंकर आहे. इंजिनाने ३०० मिलिअँपिअर मागितले तरी साडेतीन व्होल्ट तिथेच जातात. लाटेची उंची तेवढीच घटली होती.

आणि हे १२ ओहम नुसते बसून राहत नाहीत, तापतात. बाबांनी नाणं पुन्हा दहा सेकंद ठेवायला सांगितलं आणि तर्जनी रुळाच्या कडेने हळूहळू सरकवत गेले. डोळे मिटलेले. तिसऱ्या सांध्याच्या अलीकडच्या जोडपट्टीवर (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बोट चटकन उचललं. "ही बघ."

मीही लावून पाहिलं. बाकीच्या पट्ट्या गार, ही चहाच्या कपासारखी.

पट्टी चाकूच्या टोकाने सरकवून काढली. आत पांढरट, चिकट थर. दोन वर्षांपूर्वी खडी चिकटवताना पातळ केलेला गोंद ड्रॉपरने सोडला होता. तो पट्टीत शिरला, वाळला, आणि दर पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगत राहिला. उन्हाळ्यात गाडी बरी चालायची ती यामुळे. हा दोष माझ्या हातचा. नवीन संगणकाचा यात काहीच संबंध नव्हता, तो फक्त त्याच सुमारास घरात आला.

३ जुलै, बुधवार

ऑफिसातून परस्पर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत. दीडची (चौरस मिमी) वायर लाल-काळी, फीडरसाठी (रुळाला वीज पोचवणाऱ्या तारांसाठी) पॉइंट सातपाचची, रेझिन फ्लक्स, फेराइटचे दोन क्लिप (तारेतला विद्युत उपद्रव शोषणारे), १ मीटरची यूएसबी केबल.

६ जुलै, शनिवार

आतापर्यंत संपूर्ण वर्तुळाला फीडरची एकच जोडी होती. म्हणजे लांबच्या टोकाची वीज सात-आठ जोडपट्ट्या ओलांडत जायची. आज प्लायवुडखालून दीडच्या वायरची जोडी पीळ घालत पूर्ण फिरवली आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःचा फीडर दिला. एकूण २२ सोल्डरचे डाग. रुळाच्या बाहेरच्या बाजूने, चाकाच्या कडेला लागणार नाहीत असे. डाग देताना दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. पट्ट्या फक्त रूळ सरळ धरण्यासाठी. त्यांच्यातून वीज गेली काय न गेली काय, आता फरक पडत नाही.

बाबांनी खऱ्या रुळावर काय करतात ते सांगितलं. फिशप्लेटचा (खऱ्या रुळांच्या जोडपट्टीचा) भरवसा नसतो, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाला भोक पाडून बाँड वायर ठोकतात. घाटात पावसाळ्यात त्यांनी किती रात्री बाँड शोधत काढल्या असतील. मी लहान होते, सकाळी दाराशी त्यांचे चिखलाचे बूट दिसायचे, एवढंच आठवतं. त्यांचं काम काय होतं ते आज, प्लायवुडखाली उताणी पडून, थोडं कळलं.

नाण्याची चाचणी : एकूण १४ जागा, १४ही ठिकाणी वीज तत्काळ तुटली.

२० फेऱ्या : गाडी थांबली ०. संपर्क तुटला २.

७ जुलै, रविवार

उरला दुसरा रकाना.

संपर्क तुटला तेव्हाची कर्नल-नोंद काढली. दोन्ही वेळा हबने पोर्ट बंद केल्याची ओळ, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्हासह ईएमआय, म्हणजे विद्युतचुंबकीय उपद्रव असावा अशी संगणकाची शंका. त्याने इतकं स्पष्ट लिहून ठेवलं होतं आणि मी तीन आठवडे ते उघडूनही पाहिलं नव्हतं.

टेबलाखाली शिरले. जुनी ३ मीटरची यूएसबी केबल आणि रुळांची जुनी वायर एकाच टायने, शेजारी शेजारी, तिसऱ्या सांध्याखालून नेलेली. नीटनेटकं दिसावं म्हणून मीच बांधली होती. वर चाक सांध्यावर ठिणगी पाडतं, खाली तो झटका यूएसबीच्या तारेत उतरतो.

नवी १ मीटरची केबल रुळांच्या वायरीपासून दूर, दोन्ही टोकांना फेराइट. २० फेऱ्या : ०. मग मुद्दाम जुनी केबल जुन्याच जागी बांधली : २० फेऱ्यांत २. पुन्हा नवी : ०. बिघाड परत आणता आला, तेव्हाच तो सापडला असं मी मानते.

१३ जुलै, शनिवार

एक शेपूट राहिलं होतं. फक्त एका डब्याला तिसऱ्या सांध्यावर वीज तुटते, इंजिनाला आणि बाकी डब्यांना नाही. पूर्वी करंट मर्यादेपर्यंत पोचतच नव्हता, म्हणून हे झाकलेलं होतं. व्हर्नियरने चाकांच्या पाठींमधलं अंतर मोजलं : १३.९ मिमी. हवं साधारण १४.४. चाक आत सरकल्यामुळे त्याची कड क्रॉसिंगपाशी जवळ आलेल्या दोन्ही रुळांवर एकदम टेकायची. चाकं ओढून मापात आणली. त्या जागी रुळांच्या माथ्यावर लेकीकडून पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात घेतला, तोही निरोधकाचं काम करतो. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

२८ जुलै, रविवार

गुरुवारी पुण्यात कोसळलेल्या पावसानंतर हवा अजून ओलीच. घरात मीठ पाझरलंय, काडेपेटी पेटत नाही. चाचणीला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता.

सकाळी १० ते १२ सलग गाडी. फेऱ्या २८०च्या वर. थांबली ०, संपर्क तुटला ०. लॅपटॉपवर पुन्हा लाट घेतली, तिसऱ्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या तर कुठली कुठली ते ओळखू येत नाही.

बाबांनी चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली. १५ जूनच्या 'डिस्कनेक्शन, १६:१०'वर बोट ठेवून म्हणाले, "हे उघडंच राहिलंय." माझ्याकडून पेन घेतलं आणि इथे खाली त्यांच्या अक्षरात :

पॉइंट नं. ३. तपासला, चाचणी घेतली, योग्य. रिकनेक्शन, १२:२५.